योग्य चौकटीत खूण करा

महापे, तिसरा मजला, रात्रपाळी.
एका चित्राला अकरा सेकंद.
पूर. आग. दुष्काळ. युद्ध. स्थलांतर. इतर.
योग्य चौकटीत खूण करा.

कुठल्या देशातलं पाणी, ते सांगत नाहीत.
छपरावर एक बाई, काखेत प्रेशर कुकर.
मी पूर म्हणते.
पुढचा प्रश्न : व्यक्ती कोण?
पीडित, बचावकर्ता, बघ्या.
ती कॅमेऱ्याकडे अशी बघतेय
जसं आपण बघतो
कडी न वाजवता आत आलेल्या माणसाकडे.
त्याला चौकट नाही.
अकरा सेकंद संपतात.
पीडित.

शेजारी फिरदोस डबा उघडते.
‘आज माझ्याकडे सगळी लहान मुलंच आलीत गं,’
म्हणते, आणि बोंबलाची चटणी
माझ्या पोळीवर ठेवते.

ठाण्यात, जांभळी नाक्याला, झेरॉक्सवाल्याच्या वर
शनिवारी गवाणकर बाईंचा वर्ग असायचा.
बाई म्हणायच्या, चित्रात काय आहे ते शेवटी विचारा.
आधी विचारा, कॅमेऱ्यामागे कोण होतं,
त्याचं तिकीट कोणी काढलं,
आणि परतीचं होतं का त्याच्या खिशात.
मी वहीत उतरवून घेतलं :
नजर ही सत्ता. दुःख हा माल.
लाल शाईने अधोरेखित. अठ्ठावन्न मार्क.
आता त्याच मालाच्या पट्ट्यावर बसलेय,
चित्रामागे एक रुपया दहा पैसे.
हे बाईंनी शिकवलं नव्हतं,
किंवा शिकवलं असेल, मी त्या शनिवारी गेले नसेन.

दुष्काळाच्या चित्रात गाय मधोमध असते,
बरगड्या मोजता येतात.
मागे टँकर, टँकरवर नंबर,
नंबरावर कुणाचं तरी नाव, पुसट.
यंत्र फक्त गायीबद्दल विचारतं.

साडेबारा टक्क्यांच्या फायलीत
गेल्या महिन्यात एक फोटो निघाला.
आमची खारजमीन, भात कापून झालेलं,
मागे शिक्का : मोकळी जमीन, उत्तरेकडून.
डाव्या कडेला एक कोपर. अर्धी टोपली.
नामीआत्याने चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला.
‘यो मनाच हात. बघ, तव्याचा डाग.’
मग हसली.
‘फोटोवाला बोल्ला, बाय, जरा बाजूला व्हा.
मी झाले बाजूला.’

तिथे आता काचेच्या इमारती आहेत.
कदाचित हीच.
मी मजले मोजून पाहिले,
खाली किती गेल्यावर चिखल लागेल.

त्यानंतर मला सवय लागली कडा बघायची.
धूर, धावणारी माणसं, मधोमध रडणारा बाप,
मी मात्र डावीकडे, उजवीकडे, कोपऱ्यात.
एकदा चपलेचं टोक. एकदा कुणाची तरी सावली,
माणूस नाही, नुसती सावली.
मोठं करून बघावं
तर माणसाच्याच चौकटी होतात, राखाडी,
आणि त्यातल्या कुठल्याच चौकटीत
खूण करता येत नाही.

शेरा लिहायला साठ अक्षरं आहेत.
मी लिहिलं : डावीकडे कोणीतरी आहे.
उत्तर आलं : शेरा ग्राह्य नाही. पर्याय निवडा.
मी ‘इतर’ निवडलं.
बाई असत्या तर या शब्दावर
अख्खा तास बोलल्या असत्या.

आणि मला माहीत आहे,
कोपर सापडलं म्हणून पाणी ओसरत नाही.
छपरावरची बाई अजून छपरावरच असेल,
किंवा नसेल. कुकर कुणाकडे असेल?

महिनाअखेरीला चार रुपये चाळीस पैसे कापले,
उशीर झालेल्या चार चित्रांचे.
पाचवंही होतं.
कडेला बोटं दिसत होती, तीन, स्पष्ट.
चहाची वेळ झाली होती.
मी पीडित म्हटलं,
आणि उठले.